घरातल्या आवाजात ट्यूब अ‍ॅम्प बोलता करायचा तर

फ्लॅटमध्ये राहतो, ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायचाय, १५ वॅटचा घेऊ का ५ चा, का सरळ १ वॅटचा बघू, हा प्रश्न मला कोल्हापुरातली गिटार वाजवणारी पोरं सारखी विचारतात, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. माझं उत्तर आधीच सांगतो, वॅटच्या मागं लागू नका भावांनो. कमी आवाजात टोन मिळतो तो सिग्नल कुठं फाटतोय (म्हणजे डिस्टॉर्ट होतोय), स्पीकर कुठं ठेवलाय आणि आपला कान त्या आवाजाला काय ऐकतोय यावर, वॅटचा नंबर त्यात फार मागं येतो.

का ते सांगतो, थोडा हिशोब आहे पण सोपा आहे. गिटारच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर घ्या, त्याची १०० डेसिबल, म्हणजे त्याला फक्त १ वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल आवाज येणार. त्यांचाच ग्रीनबॅक घेतला तर ९८. आता संध्याकाळी घरात टीव्ही चालू असतो तो आवाज धरा ७० च्या आसपास. १०० वरून ७० वर यायचं म्हणजे ३० डेसिबल उतरायचं, आणि दर १० डेसिबलला पॉवर दहापट कमी होते, म्हणजे तीन वेळा दहापट, म्हणजे टीव्हीएवढ्या आवाजाला एका वॅटचा हजारावा भाग लागतो. त्यामुळं १ वॅटचा अ‍ॅम्प सुद्धा पूर्ण खोलला, म्हणजे व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला, तर बेडरूममध्ये स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षा मोठा वाजणार, आणि ५ वॅट आणि १५ वॅट यात फरक किती, तर जेमतेम ५ डेसिबल. आवाज कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. मार्शल डीएसएल सारख्या अ‍ॅम्पवर हाफ पॉवरचं स्विच असतं ना, ४० चा २० करणारं, त्यानं ३ डेसिबल जातात फक्त. फील बदलतो थोडा, पण शेजाऱ्याला काही फरक पडत नाही.

मग लोक म्हणतात ट्यूब अ‍ॅम्प खोलल्याशिवाय बोलत नाही, ते खोटं आहे का? नाही, खरंच आहे ते, फक्त अर्धं आहे. खोलल्यावर काय होतं बघा, आधी प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा बारीक सिग्नल मोठा करणारा पहिला टप्पा) १२एएक्स७ ट्यूब फाटायला लागतात, मग फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा मधला टप्पा), मग पॉवर ट्यूब म्हणजे ईएल८४ किंवा ६एल६ वगैरे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर पण दाबला जातो, आणि शेवटी स्पीकरचा कागद स्वतः ताणला जाऊन त्याचा रंग मिसळतो. प्रत्येक ठिकाणी मूळ सुरावर नवीन हार्मोनिक्स, म्हणजे वरचे उपस्वर, चढत जातात आणि सुराच्या सुरुवातीचा टोकदार भाग जरा दबतो, त्याला आपण जाड टोन म्हणतो. म्हणजे आपल्याला आवडतात ती हार्मोनिक्स आणि तो दाब, डेसिबल नाही. तंबोरा आठवा. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत तंबोरे बनतात, जवारी नीट लावलेला तंबोरा किती हळू वाजतो, तरी खोली भरून जाते की नाही? घोडीवर तारेखाली दोरा नेमक्या जागी सरकवला की त्याच तारेतून ढीगभर वरचे स्वर सुटतात, तारेला जास्त जोर लावावा लागत नाही. ज्या गावात गायक अल्लादियाखाँसाहेब राहिले आणि जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, त्या गावातल्या माणसाला हळू आवाज म्हणजे पातळ आवाज नव्हे हे वेगळं पटवून द्यायला नको.

तर काम एवढंच, जी हार्मोनिक्स पॉवर ट्यूब आणि स्पीकर मोठ्या आवाजात देतात ती आपण साखळीत अलीकडं तयार करायची.

माझ्याकडं फेंडरचा ब्ल्यूज ज्युनिअर आहे, १५ वॅट, दोन ईएल८४, तीन १२एएक्स७, एक बारा इंची स्पीकर. यावर व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्प किती फाटेल ते ठरवणारा) आणि मास्टर (शेवटचा आवाज ठरवणारा) असे दोन नॉब आहेत, आणि सगळे पहिल्यांदा हेच करतात की व्हॉल्यूम फुल्ल आणि मास्टर एकवर. करून बघा, माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो, कारण फाटतंय फक्त प्रीअ‍ॅम्प आणि पुढं सगळं झोपलेलं. मला आवडतं ते असं: व्हॉल्यूम ४ ते ५, म्हणजे जोरात मारलं तर किंचित फाटेल हळू मारलं तर स्वच्छ राहील इतपत, मास्टर २ च्या खाली, आणि पुढं ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह (सिग्नल फाडणारं) पेडल, ज्याचा ड्राइव्ह जवळजवळ बंद, लेव्हल दोन वाजताच्या जागी, टोन मधोमध. हे पेडल फाटण्याआधी खालचा बास कापतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचे मिड वर काढतं, त्यामुळं पहिल्या ट्यूबवर जे आदळतं ते घट्ट आणि नेमकं असतं. पेडल थोडं फाटतंय, पहिली ट्यूब थोडी फाटतेय, दोघं मिळून काम करतात आणि कुणा एकावर सगळा भार येत नाही. एकाच जागी खूप गेन (सिग्नलची वाढ) घेण्यापेक्षा दोन-तीन जागी थोडा थोडा घेतलेला कायम चांगला वाटतो, हे मी कुठल्याही अ‍ॅम्पबद्दल छातीठोक सांगेन. त्यावर थोडा रिव्हर्ब (घुमारा) किंवा हळू मिक्सचा डिले (प्रतिध्वनी) ठेवला की छोट्या खोलीतला कोरडेपणा पण जातो.

अजून एक, ब्ल्यूज ज्युनिअरचा व्हॉल्यूम सुरुवातीलाच उडी मारतो, एकवरून दोनवर नेताना एकदम अंगावर येतो. तिथं पहिली १२एएक्स७ काढून ५७५१ ही कमी गेनची ट्यूब लावली तर नॉब सरळ चालायला लागतो. १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर १०० असतो, ५७५१ चा ७०, १२एवाय७ चा साधारण ४५. पाय तसेच, सॉकेट तेच, प्रीअ‍ॅम्प ट्यूबला बायस (ट्यूबचा करंट जुळवणं) पण करावं लागत नाही. अ‍ॅम्प बंद करून, गार होऊ देऊन, सरळ वर ओढायची, वेडीवाकडी हलवायची नाही. आवाजाची कमाल मर्यादा यानं फारशी कमी होत नाही पण खालच्या भागात बारीक अ‍ॅडजस्ट करायला जागा मिळते, आणि घरात आपण त्याच भागात राहतो.

आता खोलीकडं येतो, कारण माझ्या मते निम्मा विषय इथंच आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

मी मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, जमीन लाकडी, खाली काकू राहतात. अ‍ॅम्प जमिनीवर असताना काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "बाळा तुझ्या गाण्याचं काही नाही रे, पण खाली मांडणीवरची भांडी थरथरतात." हे वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. त्रास होत होता तो हवेतून जाणाऱ्या आवाजाचा नाहीच, लाकडातून उतरणाऱ्या बासचा. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प फळ्यांना हलवतो आणि फळ्या खालच्या खोलीला. शिवाय जमीन आणि कोपरा दोन्ही मिळून खालच्या फ्रिक्वेन्सी फुगवतात, त्यामुळं आपल्याला टोन गढूळ वाटतो, मग आपण ट्रेबल वाढवतो, मग तो टोचतो. तेव्हा अ‍ॅम्प उचलला, जड लाकडी स्टुलावर ठेवला, स्टुलाच्या पायाखाली घडी घातलेलं घोंगडं, आणि भिंतीपासून दोन हात पुढं. नॉब तेच ठेवून खाली जाऊन मांडणीला हात लावून बघितलं, स्टीलचे डबे गप्प होते. वर टोन पण मोकळा झाला.

दुसरं म्हणजे स्पीकरचं तोंड. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे, तर ट्रेबल तुमच्या गुडघ्याला ऐकू येतो आणि तुमच्या कानाला उरलासुरला मिळतो, मग तो भरून काढायला आवाज वाढवला जातो. स्टुलावर ठेवून, जरा मागं कलता करून, खुर्चीवर बसून एक-दीड मीटरवर वाजवलं की कानाला सगळं थेट मिळतं आणि मास्टर आपोआप खाली येतो. अगदी नाकासमोर पण नको, बोटभर बाजूला बसा.

मग कान. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला बास बराच कमी ऐकू येतो आणि अगदी वरचा भाग पण थोडा. म्हणजे तालमीच्या हॉलवर मोठ्या आवाजात लावलेली सेटिंग घरी आणली तर ती मेलेली वाटणारच, अ‍ॅम्प तोच, ट्यूब त्याच, कान वेगळा ऐकतोय. उलटं पण तेवढंच खरं, घरी छान वाटलेली सेटिंग हॉलवर अंगावर येते, म्हणून दोन सेटिंग वेगळ्या ठेवायच्या आणि मास्किंग टेपवर पेननं खुणा करून ठेवायच्या. घरी मी बास आणि ट्रेबल एकेक घर वर ठेवतो, पण इथं गंमत अशी की कान बास मागतो आणि काकूंच्या मांडणीला बास नको असतो. यावर मला सापडलेला मधला रस्ता म्हणजे अगदी खालचा बास मागं घ्यायचा आणि २०० ते ३०० हर्ट्झचा भाग थोडा वर काढायचा, साधं ग्राफिक ईक्यू पेडल (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी स्लायडरनं कमी-जास्त करणारं) असलं तर २०० चा स्लायडर तीनेक डेसिबल वर, १०० चा तेवढाच खाली. टोनला अंग येतं आणि जमिनीत उतरणारं धडधडणं कमी होतं. ज्यांना एकच पेडल घ्यायचंय त्यांना मी ओव्हरड्राइव्हऐवजी ईक्यू घ्या म्हणेन.

तुमच्या अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच्या पुढं पेडल जोडायची सोय, असेल (ब्ल्यूज ज्युनिअरला नाही, डीएसएल २० आणि ४० ला आहे) तर तेच ईक्यू किंवा साधं व्हॉल्यूम पेडल लूपमध्ये टाका, प्रीअ‍ॅम्प हवा तसा तापवा आणि आवाज लूपमधून खाली ओढा. मास्टरच्या पहिल्या मिलिमीटरवर कसरत करत बसण्यापेक्षा हे फार सुखाचं आहे.

अटेन्युएटरबद्दल सगळे विचारतात. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, पॉवर ट्यूबनं दिलेली ताकद उष्णतेत घालवतो आणि उरलेली थोडी स्पीकरला देतो. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ, जो एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर, त्याचा पॉवर सोक हा यातला गाजलेला जुना डबा. पाच-सहा डेसिबल कमी करायचे असतील तर अटेन्युएटर उत्तम. पण वीस-तीस डेसिबल दाबले की टोन गोधडीखाली गेल्यासारखा होतो, कारण एक तर कानाचं वर लिहिलेलं गणित, दुसरं स्पीकरचा कागद आता हलतच नाही, आणि तिसरं, साध्या अटेन्युएटरमधल्या रेझिस्टरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) सगळीकडं सारखा असतो आणि खऱ्या स्पीकरचा खाली रेझोनन्सला (कागद आपोआप जास्त हलतो त्या फ्रिक्वेन्सीला) वर चढतो, वर ट्रेबलला पुन्हा चढतो, अ‍ॅम्पला ते चढउतार लागतात. म्हणून घ्यायचाच तर रिअ‍ॅक्टिव्ह लोडवाला, म्हणजे स्पीकरसारखे चढउतार देणारा, घ्या, महाग पडतो पण तोच घ्या, आणि वरचं सगळं करून झाल्यावर घ्या. रात्री दहानंतर, जेव्हा नियमानं रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलवर येते, तेव्हा असा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची ताकद झेलणारा डबा), कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या डब्याचा आवाज नक्कल करणारी डिजिटल फाइल) आणि हेडफोन हाच खरा उपाय आहे.

तीन गोष्टींत मात्र खेळ नको, अ‍ॅम्प किंवा जीव जाऊ शकतो. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोडशिवाय कधीच वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि लोड बॉक्सचे ओहम अ‍ॅम्पच्या आउटपुटशी जुळले पाहिजेत, जोडायला गिटारची केबल नाही तर स्पीकरची केबल वापरायची. आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावायचा हे वाचून कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून व्हेरिअ‍ॅक उचलून आणू नका. मेन्सचं व्होल्टेज उतरवलं की ट्यूबच्या हीटरचे ६.३ व्होल्ट पण उतरतात, ट्यूब लवकर मरतात. मागचं कव्हर उघडून आत हात घालायचा तर विचारच नको, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

राहिला गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम नॉब, जो बहुतेक जण दहावर ठेवून विसरतात. अ‍ॅम्प किंचित फाटेल असा लावा आणि गिटार ७ वर ठेवून वाजवा, कॉर्डला स्वच्छ, सोलोला १०. नॉब खाली घेतल्यावर ट्रेबल मरत असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) इनपुट आणि मधल्या पायात १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडून घ्या, कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा दहा मिनिटांत झाळून देतो. पाच-दहा रुपयांचा माल आहे, आणि कमी आवाजात वाजवणाऱ्याला याचा फायदा नव्या ट्यूबच्या सेटपेक्षा जास्त होतो.