चष्मा कोणत्या कामासाठी ठेवायचा?

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की घरात पहिली चर्चा लेन्सच्या किमतीची सुरू होते. भारतीय की परदेशी, साधी की मल्टिफोकल, विम्यात किती बसेल, असे प्रश्न नातेवाईक फोनवरून विचारू लागतात. पण ज्या माणसाच्या डोळ्यात ती लेन्स कायमची राहणार आहे, त्याला दिवसभर नेमके काय पाहावे लागते, हे विचारायचे राहून जाते. आईच्या ऑपरेशनच्या निमित्ताने या विषयात शिरल्यावर माझे ठाम मत झाले की लेन्सचा प्रकार नंतर ठरवावा. ऑपरेशननंतर कोणत्या अंतरावरचे चष्म्याशिवाय स्पष्ट दिसायला हवे, हे आधी ठरवावे.

तरुणपणी डोळ्यातले नैसर्गिक भिंग आकार बदलून जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवते. त्याच्या जागी बसवलेले कृत्रिम भिंग असा आकार बदलत नाही, त्यामुळे साध्या म्हणजे मोनोफोकल लेन्सने एकाच अंतरावरचे नीट दिसते. ते अंतर बहुधा दूरचे धरले जाते आणि वाचनासाठी चष्मा दिला जातो. अनेकांना हे सोयीचे असते, पण सर्वांनाच नाही.

आई अशोक चौकाच्या बाजूला राहते आणि घरीच शाळांचे गणवेश शिवते. गणवेशांचा धंदा सोलापुरात मोठा असल्याने अशी शिलाई करणाऱ्या बायका आमच्या भागात घरोघरी आहेत. आईला लहानपणापासून उणे तीनच्या आसपास नंबर आहे, म्हणजे दूरच्यासाठी चष्मा लागतो, पण सुई ओवताना किंवा शिवण उसवताना ती तो काढून ठेवते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला विचारले, "मावशी, सुई ओवताना चष्मा लावता की काढता?" ती म्हणाली, "काढते, डॉक्टरसाहेब. चष्म्यातून दोरा दिसतच नाही." पुढची सगळी निवड या एका उत्तरावर झाली. लेन्स दूरच्या नजरेसाठी बसवली असती, तर जन्मभर चष्मा काढून सहज होणारे काम चष्म्याशिवाय होईनासे झाले असते, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही तिला आपले काहीतरी गेले असेच वाटले असते. उणे नंबर असलेल्यांनी ही सवय डॉक्टरांना आपणहून सांगावी, असे मी कळकळीने सुचवेन. आईच्या डोळ्यात मुद्दाम सुमारे उणे अडीच नंबर शिल्लक ठेवायचे ठरले; त्याने साधारण ४० सेंटिमीटरवरचे चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. "रस्त्यावर चष्म्याची सवय आहेच, मशीनवर नको," एवढेच तिचे म्हणणे होते.

मल्टिफोकल लेन्सचा विचार आम्ही केला होता. ती डोळ्यात येणारा प्रकाश जवळच्या आणि दूरच्या अंतरांसाठी विभागते, म्हणून चष्म्याची गरज बरीच कमी होते आणि डोळा निरोगी असलेल्या पुष्कळांना ती आवडते. मात्र प्रकाश विभागला गेल्याने रंगछटांमधला बारीक फरक ओळखणे थोडे अवघड होते आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. पुणे रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याने याचा आधी विचार करावा. आईला गडद निळ्या कापडावरचा गडद निळा दोरा ट्यूबलाइटच्या उजेडात पाहावा लागतो. शिवाय तिला मधुमेह आहे. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, काचबिंदू असेल किंवा पडद्याचा मध्यभाग झिजला असेल, तर मल्टिफोकल लेन्स सहसा टाळतात, कारण अशा डोळ्याची छटा ओळखण्याची क्षमता आधीच घटलेली असते. महाग लेन्स म्हणजे चांगली नजर, हे समीकरण इथे चुकते.

बुबुळाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसेल, म्हणजे मोठा सिलिंडर नंबर असेल, तर तो दोष भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचे जादा पैसे देणे मला योग्य वाटते. ती ठरलेल्या अक्षावरच बसावी लागते; एक अंश फिरली तर तिचा सुमारे ३ टक्के परिणाम जातो आणि ३० अंश फिरली तर उपयोगच उरत नाही.

ज्या गोष्टीवर आग्रह धरायला हवा, ती म्हणजे डोळ्याचे मोजमाप. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरमध्ये अडीच ते तीनचा फरक पडतो. मग लेन्स कितीही भारी असो. आईचे मोजमाप आम्ही दोनदा करून घेतले आणि पडद्याची तपासणीही आधी करून घेतली.

भारतीय लेन्सबद्दल मनात किंतु बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली. युद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात गेले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे कित्येक वर्षे भारतातल्या सामान्य माणसाला लेन्स परवडत नसे, आणि ते चित्र बदलण्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या, १९९२ मध्ये सुरू झालेल्या ऑरोलॅबचा मोठा वाटा आहे. देश विचारण्यापेक्षा लेन्स कशाची आहे आणि तिची मागची कड चौकोनी आहे का, हे विचारावे. लेन्समागचे पातळ आवरण पुढे धुरकट होण्याचे प्रमाण अशा कडेमुळे कमी राहते. तसे झालेच, तर याग लेसरने ते काही मिनिटांत मोकळे करता येते.

आता दुसऱ्या डोळ्याचा प्रश्न आहे. त्यातही उणे अडीच ठेवायचे, की उणे दीड ठेवून साधारण ६५ सेंटिमीटरवरचे, म्हणजे कापड बेतताना टेबलावरचे, चष्म्याशिवाय दिसू द्यायचे, यावर आईचे आणि डॉक्टरांचे बोलणे चालू आहे. पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिर झाल्यावर तपासणीच्या चौकटीत काचा बदलून हा फरक तिला आधी दाखवता येईल, असे त्यांनी सांगितले आहे, आणि त्या दिवशी बेतायचे कापड सोबत घेऊन जायचे आईने ठरवले आहे.