आषाढी ते कार्तिकी

आषाढाची प्रतिपदा उजाडली की फोनवर ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ येऊन धडकतं. सोबत ढग, वाफाळता चहा, क्वचित भजी. यक्ष तेवढा नसतो. कालिदासाच्या मेघदूतातला तो बिचारा, बायकोला ढगाकरवी निरोप धाडणारा, पावसावर खूश नाहीच; तो दिवस मोजत बसलाय.

बायकोपासून दूर राहायचा शाप वर्षाचा. रामगिरीवर (संशोधक वा. वि. मिराशींच्या मते आपल्या रामटेकवर) आठेक महिने गेलेत, उरले चार. सुटका विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकी एकादशीला. आषाढी ते कार्तिकी चार महिने, हे वारकऱ्याच्या घरात पोरही सांगेल. पण प्रतिपदेपासून धरलं तर दहा दिवस जास्त भरतात. म्हणून ‘प्रथम’ऐवजी ‘प्रशम’, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस, असाही पाठ आहे. तो घेतला तर आपल्या पंचांगाने वीसेक दिवस कमी पडतात! त्यापेक्षा दहा जास्त बरे. ढगाला अलकेला, बायको आहे त्या नगरीला, पोचायला वेळ नको? त्यातून वाट वाकडी करून उज्जयिनी बघून जा, हा आग्रह यक्षाचाच.

हा जीव वृत्तातही अडकलाय. मंदाक्रांतेच्या ओळीत सतरा अक्षरं. यती, म्हणजे थांबा, चौथ्यावर, मग सहांवर, मग सातांवर. पहिलीच ओळ घ्या. ‘कश्चित्कान्ता’ : चारही गुरू, पाय ओढत टाकल्यासारखे. ‘विरहगुरुणा’ : पाच लघू भराभर, सहाव्या ‘णा’वर थांबा. मग ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’ हेलकावत. म्हणताना चूक होते ती यतीवर न थांबल्यामुळे. एका दमात ओळ संपवली की उसासा जातो आणि पाढा उरतो.

मोजणं अंगावरही दिसतं. यक्षाच्या मनगटातून सोन्याचं कडं गळून पडलंय. तिकडे अलकेत त्याची बायको उंबऱ्यावर वाहिलेली फुलं जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजत असेल. मांडीवर वीणा, आसवांनी भिजलेली तार कशीबशी पुसून घेतलेली, आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना (स्वरांची चढउतार) पुन्हापुन्हा विसरलेली. ‘असेल’ हे महत्त्वाचं. यातलं काहीच त्याने पाहिलेलं नाही. ढगाला काय दिसेल ते तो रामगिरीवरूनच सांगतोय.

स्वतः मात्र तो गेरूसारख्या रंगाने शिळेवर तिचं चित्र काढतो, रुसलेली. तिच्या पायाशी स्वतःला काढायला घेतो, तोच डोळे भरून येतात आणि शिळा दिसेनाशी होते.