कड्या चारच

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यातल्या एका दुपारी, कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली मला असे एक अंडपुटक (ज्यात एक अंडे घडते तो पेशींचा गोळा) दिसले, की आपली मोजणी चुकली असे समजून मी केंद्रके पुन्हा पहिल्यापासून मोजली. फळमाशीच्या, म्हणजे ड्रॉसोफिलाच्या, एका उत्परिवर्तित वाणाच्या माद्या फारच थोडी अंडी घालत होत्या आणि त्याचे कारण शोधणे हे माझे काम होते. दोन दिवस त्यांना यीस्टची पेस्ट भरपूर खाऊ घालून (उपाशी माशीचे अंडाशय इतके आक्रसलेले असते, की त्यातल्या अंडनलिका चिमट्याने सुट्या करता करता रडू यावे) आदल्या दिवशी अंडाशये काढून रंगवली होती.

निरोगी माशीत हिशेब ठरलेला असतो. जननपेशींच्या वंशातली एक पेशी चार वेळा विभागते, मात्र विभाजन कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे तयार झालेल्या 16 पेशी गोल वाटांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात. या वाटांना रिंग कॅनॉल म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत त्यांना सरळ ‘कड्या’ म्हणत असू. सोळांपैकी एक अंडपेशी होते. उरलेल्या 15 पोषकपेशी न विभागता आपल्या डीएनएच्या प्रती काढत फुगत जातात, कड्यांमधून अंडपेशीला प्रथिने व आरएनए पुरवतात आणि शेवटी सुमारे अर्ध्या तासात आपला जवळजवळ सगळा पेशीद्रव तिच्यात ओतून मरून जातात. या समूहाभोवती पुटकपेशींचा एक थर असतो. या पेशी जननपेशींच्या वंशातल्या नव्हेत, पण अंड्याचे कवच पुढे त्याच घडवतात.

माझ्यासमोरच्या पुटकात पोषकपेशी 30 होत्या आणि अंडपेशी दोन, एक या टोकाला तर दुसरी त्या टोकाला. पेशी एकदा जास्त विभागल्या असणार, असे मानून मी वहीत ‘पाचवे विभाजन’ असे ठळक अक्षरांत लिहिले आणि थेट माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिले आणि एवढेच विचारले, “अंडपेशीच्या कड्या मोजल्यास का?”

मोजल्या नव्हत्या, आणि खरे सांगायचे तर तिथेच माझी चूक झाली होती. प्रत्येक विभाजनात प्रत्येक पेशीला एक नवी कडी मिळते, म्हणून चार विभाजनांनंतर सर्वांत जुन्या दोन पेशींना चार-चार कड्या असतात आणि अंडपेशी त्या दोघींतूनच ठरते. पाचवे विभाजन झाले असते तर अंडपेशीला पाच कड्या हव्या होत्या. दोन स्वतंत्र समूह एकाच वेष्टणात कोंबले गेले असतील तर चारच. संध्याकाळ होईपर्यंत मी फॅलॉयडिन या रंजकाने लाल झालेल्या कड्या एकेका प्रतलात वर-खाली सरकत मोजल्या, कारण दोन कड्या एकावर एक आल्या की तीन आणि चार यांत सहज गफलत होते. पहिल्या अंडपेशीला चार भरल्या. दुसरीलाही चार. त्या स्लाइडवरच्या इतर जोडपुटकांतही तेच निघाले.

म्हणजे विभाजन बिनचूक होते, बांधणी चुकली होती. अंडनलिकेत पुटके एकामागे एक रांगेत असतात. तिच्या टोकाशी पुटकपेशींनी दोन समूहांच्या मधे शिरून त्यांना वेगळे करायचे असते, आणि त्यांच्यातल्याच काही पेशींनी मधला बारीक देठ बनवायचा असतो. तरीही मॅडमनी दोष लगेच पुटकपेशींवर टाकू दिला नाही, आणि ते रास्तच होते. जननपेशी आपल्या पृष्ठभागावरील डेल्टा या प्रथिनाने इशारा देतात आणि पुटकपेशी तो नॉच या ग्राहीने ओळखतात. इशाराच आला नाही, तर धडधाकट पुटकपेशीही चुकतात.

त्यानंतरचे कित्येक महिने फक्त पुटकपेशींत दोष असलेल्या मिश्र माद्या तयार करण्यात गेले. त्यांच्यात निरोगी पेशी हिरव्या चमकत आणि दोषी पेशी काळ्या दिसत. जे पहिले जोडपुटक मिळाले त्यात सर्व 32 जननपेशी हिरव्या होत्या, पुटकपेशींच्या थरात काळा पट्टा होता, आणि दोन समूहांच्या मधोमध जिथे देठ असायला हवा होता तिथे एकही पेशी नव्हती.