ईशान्येकडे तोंड करून

माझ्या खोलीत गिटार ईशान्येकडे तोंड करूनच वाजवावी लागते. हसू नका, वास्तुशास्त्र वगैरे काही नाही, सिंगल कॉइल पिकअप आहेत. अँप लावला, गेन जरा वाढवला की जी घूंऽऽ सुरू होते ती खिडकीकडे वळलं की वाढते, कपाटाकडे वळलं की कमी होते आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे नाक केलं की जवळपास गायब. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अर्धा तास गळ्यात गिटार अडकवून जागच्या जागी फिरत होतो, आई दारात येऊन म्हणाली, प्रदक्षिणा कुणाला?

तसं प्रकरण साधंय. पिकअप म्हणजे सहा चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची स्टीलची तार थरथरली की कॉइलमध्ये इवलीशी वीज तयार होते, अँप तीच मोठी करून ऐकवतो. पण कॉइल बिचारी भोळी, घरातल्या वायरिंगची आणि अडॅप्टरची 50 हर्ट्झची कुरकुरही ती तितक्याच भक्तिभावाने पुढे पाठवते. तारांना हात लावला की थांबते ती खरखर वेगळी, ती अर्थिंगची भानगड. ही घूं हात लावून जात नाही.

उपाय जुना आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकर नावाच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे, म्हणजे बाहेरची घूं एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. हुशार माणूस! मी मित्राची हंबकरवाली महिनाभर आणून वाजवली पण. शांत, जाड, गोड... आणि आठवड्याभरात रोज श्रीखंड खाल्ल्यासारखं झालं, तो काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा टणकन आवाज काही केल्या येईना. गेली परत.

मग डोकं चालवलं. घूं कमी होत नाही ना, तर तारेचाच आवाज मोठा करू, म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन तिन्ही पिकअप तारांच्या जवळ आणले. त्यानंतर जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे एकच सूर दाबला तरी दोन सूर भांडल्यासारखे ऐकू यायला लागले. तारा बदलल्या, ब्रिजचे सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, पुढेमागे केले, ट्युनरला शिव्या घातल्या, आणि शेवटी कळलं की चुंबकं इतकी जवळ आलीत की तारेलाच ओढून धरतायत. स्क्रू उलटे फिरवले, संपलं. दोन आठवडे गेले त्यात.

खरी सोय तर कोणता पिकअप वाजणार ते ठरवणाऱ्या स्विचमध्येच होती. फेंडर कंपनीची 1954 ची मूळ स्ट्रॅटोकास्टर गिटार तीन खाचांच्या स्विचची, पण लोक तो स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे, शेवटी 1977 मध्ये फेंडरने पाच खाचांचा स्विचच देऊन टाकला. माझ्या गिटारचा मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा आहे, त्यामुळे दोन पिकअप एकदम वाजतात त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घूं आपोआप मरते. सोलो मात्र मला पहिल्या खाचेतच लागतो, ब्रिजवाला एकटा, म्हणून कोपरा.

सध्या पाऊस आहे आणि आईने कपडे वाळत घालायचा स्टँड नेमका ईशान्येला लावलाय. गणपतीपर्यंत आपण दुसऱ्या खाचेत.