दादाच्या तीनचाकीचे मागचे सस्पेन्शन

माझा थोरला भाऊ सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्याच्या डाव्या पायात ताकद नाही, आणि गेली अनेक वर्षे तो बाजूला दोन जादा चाके लावलेली स्कूटर वापरतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्याची कंबर धरू लागली, तेव्हा पुढे मोटरसायकलचा फोर्क आणि एक चाक, मागे दोन चाके आणि मध्ये पाठीला टेकू असलेली खाली बसवलेली सीट, अशी गाडी त्याच्यासाठी स्वतः बांधायचे मी ठरवले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचे माझे लेथचे काम असल्यामुळे कापणे आणि जोडणे हातातले होते, आणि चेसिस तीन आठवड्यांत उभी राहिली. मागचे सस्पेन्शन ठरवायला मात्र सात महिने लागले.

तीनचाकी गाडी रस्त्यावर तीन वेगळ्या रेघा ओढत जाते. मोटार चालवणारा खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जातो आणि दुचाकीवाला त्याला वळसा घालतो, पण तीनचाकीला दोन्ही जमत नाही. पुढचे चाक वाचवले तर मागचे एक चाक त्यात जातेच. आमच्याकडे रस्त्याखाली काळी माती असते, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे गावाकडचे डांबरी रस्ते लाटांसारखे वर-खाली होतात. त्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. म्हणून दोन्ही चाके एकदम उचलली गेल्यावर गाडी कशी वागते यापेक्षा, एकच चाक उचलले गेल्यावर ती दादाच्या कंबरेशी कशी वागते, हाच माझा प्रश्न होता.

पहिल्यांदा मी सोपी वाट धरली. मोटरसायकलचा चिमटा (मागचे चाक धरणारा स्विंगआर्म) रुंद करून त्याच्या टोकाला १२०० मिमी अंतरावर दोन चाके असलेला सरळ ॲक्सल बसवला, मध्ये डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), आणि वर दोन शॉकअप. हा चिमटा फक्त वर-खाली हलतो, चेसिसच्या तुलनेत तिरका होऊ शकत नाही. त्यामुळे वळणावर गाडी अजिबात कलत नव्हती आणि मी खूश होतो. कुंभारीकडे मित्राच्या शेतातल्या खासगी वाटेवर दादाने एक फेरी मारली, उजवे चाक एका दगडावरून गेले, आणि परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘‘अरे, गाडी पुढं जाते आणि मी आडवा जातो.’’

त्याचे म्हणणे मी खडूने फरशीवर मांडून पाहिले. नेहमीची वीट ७५ मिमी उंच धरली, तर एक चाक तिच्यावर चढताच ॲक्सल साडेतीन अंशांहून थोडा जास्त तिरका होतो. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून १२०० मिमी उंच असेल तर ते त्याच क्षणी ७५ मिमी बाजूला फेकले जाते, आणि मधे कुठेही स्प्रिंग आड येत नाही. शॉकअप कितीही महागडे घेतले तरी या बाजूच्या हिसक्याशी त्यांचा संबंधच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्प्रिंगा दिल्या आणि उभ्या गाडीचे एक चाक सावकाश विटेवर चढवले, तर ती गाडीसुद्धा तेवढीच कलते, कारण पुढचे एकटे चाक कलण्याला मुळीच अडवत नाही. फरक पडतो तो वेगात. ताशी ३० किलोमीटरला गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, म्हणजे २३० मिमी लांबीची वीट सेकंदाच्या साधारण छत्तिसाव्या भागात मागे पडते. तेवढ्यात स्वतंत्र चाक वर जाऊन खाली येते, आणि जड चेसिसला कलायला वेळच मिळत नाही. चिमट्यातल्या ॲक्सलला ही सवलत नाही.

दुसरा पर्याय मारुती ओम्नी व्हॅनच्या मागच्या ॲक्सलचा होता. तो कमानपाट्यांवर (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगांवर) बसतो, पाटे स्वतःच ॲक्सलला जागेवर धरून ठेवतात, वेगळ्या सळ्या-दांड्या लागत नाहीत, आणि पानांच्या आपसातल्या घर्षणाने थोडा हेलकावाही मरतो. मजबुतीत त्याला तोड नाही. परंतु ते पाटे प्रवासी आणि माल भरलेल्या व्हॅनसाठी आहेत. आमच्या हलक्या गाडीखाली ते वाकतच नाहीत, आणि पाने कमी केली तर गती घेताना ॲक्सल पिळला जाऊन उरलेली पाने मुरडतात. शिवाय ॲक्सलचे हौसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, आणि डिफरन्शियलचे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली राहते. असा जड ॲक्सल खड्ड्यातून उसळला की हलक्या चेसिसला आपल्याबरोबर ओढतो.

शेवटी उत्तर आमच्या दारासमोरून रोज जाणाऱ्या रिक्षात सापडले. मागे इंजिन असलेल्या रिक्षात प्रत्येक मागचे चाक स्वतंत्र आर्मवर असते, आर्म पुढच्या बाजूला चेसिसला बिजागरीसारखा जोडलेला असतो, आणि इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल हे तिन्ही चेसिसवर राहून फक्त दोन शाफ्ट चाकांपर्यंत जातात. स्प्रिंगखाली उरते ते चाक, ड्रम आणि आर्म. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हातात, ब्रेक उजव्या पायाला, आणि मागे घ्यायला रिव्हर्स गिअर. दादाला गाडी पायाने मागे ढकलता येत नाही, त्यामुळे हा शेवटचा गुण मला सस्पेन्शनइतकाच मोलाचा वाटला.

स्प्रिंग मात्र रिक्षाची चालली नाही, कारण ती मागे तीन माणसे बसतील या हिशेबाने कडक असते. मी भंगारवाल्याच्या काट्यावर दादासकट गाडीचे एकेक मागचे चाक तोलले. प्रत्येकी १४० किलो भरले, त्यातले स्प्रिंगखालचे २० वजा करून १२० उरले. स्प्रिंगवरच्या चेसिसने सेकंदाला सुमारे १.८ हेलकावे घ्यावेत असे धरले, तर चाकाशी दर मिलिमीटरला साधारण १.५७ किलो एवढा कडकपणा लागतो, आणि उभी गाडी ७७ मिमी बसते. स्प्रिंग चाकावर नसून आर्मवर मध्ये कुठेतरी असते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. बिजागरीपासून चाक ३८० मिमीवर आणि स्प्रिंग २६६ मिमीवर असेल तर प्रमाण ०.७ येते, पण हिशेबात त्याचा वर्ग घ्यावा लागतो: एकदा तरफेमुळे जोर घटतो, आणि दुसऱ्यांदा स्प्रिंग चाकापेक्षा कमी दबते म्हणून. म्हणजे १.५७ ला ०.४९ ने भागायचे, दर मिलिमीटरला ३.२ किलो कडकपणाची स्प्रिंग हवी. बरोबर मध्यावर स्प्रिंग लावणाऱ्याला तिची ताकद अर्धी नव्हे, पाव मिळते.

मऊ स्प्रिंगमुळे वळणावर कलणे आले, आणि ते सगळे मागच्या दोन चाकांनीच अडवायचे असते. त्यासाठी मी आधी सीट आणखी खाली घेतली आणि मगच दोन्ही आर्मना जोडणारा अँटी-रोल बार (पिळाला विरोध करून कलणे अडवणारी सळी) लावला. बारमुळे एका चाकाचा दणका थोडाफार दुसऱ्याकडे जातोच, म्हणून तो बारीक ठेवणे बरे; कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १६ मिमीऐवजी १८ मिमी घेतला की तो ६० टक्क्यांनी जास्त होतो. मी १६ वर थांबलो. वळणात ब्रेक दाबला तर वजन पुढे सरकून गाडी पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवर उलटू पाहते, हे कोणताही बार थांबवत नाही. ते दादाला मी शांतपणे, दोनदा समजावून सांगितले.

आर्मच्या बुशांमधले, म्हणजे बिजागरीच्या खिळीवर फिरणाऱ्या दोन नळ्यांमधले, अंतर मी मुद्दाम वाढवले. दुचाकी वळताना झुकते म्हणून तिच्या चिमट्यावर आणि आऱ्यांच्या चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. तीनचाकी झुकत नाही, तो सगळा जोर बुशांवर आणि रिमवर येतो. याच कारणाने मागे आऱ्यांची चाके नकोत.

कायद्याचे काम चेसिस कापण्याआधी करायला हवे होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाची वेगळी व्याख्या कायद्यात आली आहे. आमचे कागद सुरू आहेत, आणि ते होईपर्यंत गाडी शेतातच राहील.

मागच्या रविवारी नव्या स्प्रिंगांवर पहिली फेरी झाली. वाटेवर मी एक वीट आडवी पुरली आणि दादाला उजवे चाक तिच्यावरून न्यायला सांगितले. ‘खट्’ असा आवाज आला, चाक मडगार्डपर्यंत वर जाऊन खाली आले, आणि दादाचे खांदे सरळ राहिले. बांधापाशी त्याने गाडी वळवली, आणि परत येताना मी काही सांगण्याआधीच डावे चाक त्या विटेवर घातले.