बुनराकूची मुसुमे: मान जमली, आता रंग आणि माणसं

बुनराकू, म्हणजे जपानी बाहुलीनाट्य. त्यातल्या मुसुमेची, म्हणजे तरुण मुलीच्या पात्राची, लाकडी मुंडी रंगापर्यंत आली. जपानात ती हिनोकीच्या लाकडातून कोरतात. मी शिवणीचं लाकूड घेतलं. हलकं आहे आणि पटाशी छान चालते. कानांच्या पुढून उभी चिरली, आतून पोखरली, मान बसवली आणि पुन्हा जोडली.

खरा वेळ खाल्ला तो मानेनं. बुनराकूच्या मुंडीत स्प्रिंग म्हणून देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या वापरायची रीत आहे. पोलादी तार लावून पाहिली, तर मान झटक्यानं हलते आणि टक् आवाज येतो. शोकाच्या प्रसंगात तो आवाज म्हणजे सगळं मुसळ केरात! शेवटी बांबूची कामटी तासून तासून पातळ केली. आता मुठीतली दोरी सोडली की हनुवटी संथ खाली येते आणि टेकताना किंचित थरथरते. ही थरथर घालवायची नाही, असं ठरवलंय. डोळे-भुवया हलवायच्या भानगडीत पडलोच नाही.

रंगासाठी तिकडे गोफुन, म्हणजे शिंपल्यांची पूड सरसात कालवून. माझ्याकडे खडूची पूड आहे. सरस जास्त झाला की वाळताना भेगा पडतात, म्हणून हात पातळ, पण बरेच. ओठाच्या कोपऱ्याशी बारीक सुई ठोकलीय. बाहुलीनं बाही तोंडाशी नेली की कापड सुईत अडकतं आणि ती हुंदका दाबतेय असं वाटतं. एवढ्याशा सुईचं काम बघून मी तर थक्क झालो.

पुढचं काम माणसांचं. 1734 पासून एका बाहुलीला तिघं: मुंडी आणि उजवा हात मुख्य खेळवणाऱ्याकडे, डावा हात दुसऱ्याकडे, पाय तिसऱ्याकडे. स्त्रीपात्रांना बहुतेक वेळा पायच नसतात. तिसरा माणूस किमोनोचा घोळ आतून मुठींनी हलवतो आणि चाल दिसते. बोलायची सोय नाही. मुख्य माणसाच्या अंगाच्या बारीक हालचालीवरून बाकीच्या दोघांनी ओळखायचं.

मेहुणा तयार झालाय, पण त्याला थेट डावा हात हवाय. त्याला म्हटलं, बाबा रे, तिकडे आधी पायांची दहा वर्षं, मग डाव्या हाताची दहा, असं म्हणतात. तेव्हापासून त्याचा फोन नाही. तोवर किमोनो शिवायला घेतो; तिकडेही मुख्य खेळवणारा आपली बाहुली स्वतःच सजवतो.