ऑपरेशन मिरीचं, मग ओव्याला कशाला नेलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिरीच्या ऑपरेशनच्या दिवशी एकाच टोपलीत दोन ससे, मादी मिरी आणि नर ओवा, घेऊन मी जिना उतरले, तेव्हापासून हा प्रश्न मला नातेवाईक, शेजारी, दवाखान्यात भेटलेले लोक, सगळे विचारतात.

आधी ऑपरेशनबद्दल, म्हणजे मिरीचं गर्भाशय काढण्याबद्दल. ओव्याची नसबंदी आधीच झाली होती, म्हणजे पिल्लांचा प्रश्न नव्हता. पण सशांच्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो आणि चार वर्षांच्या पुढे तो धोका झपाट्याने वाढतो. मिरी दीड वर्षाची होती. तब्येत चांगली असतानाच हे उरकायचं, असं आम्ही ठरवलं, आणि पुण्यातला उन्हाळा टाळून डिसेंबर निवडला, कारण सशांना उकाडा सोसत नाही.

आता ओवा. ससे एकमेकांना ओळखतात ते मुख्यतः वासावरून. दिवसभर दवाखान्यात राहून स्पिरिटचा आणि कुत्र्यामांजरांचा वास अंगावर घेऊन मिरी घरी आली असती, तर ओव्याला ती परकी वाटू शकली असती. आणि परक्या सशाला ससे चावतात, मागच्या पायांनी ओरबाडतात. या दोघांची जोडी जमवायला आम्हाला सहा आठवडे लागले होते. पोटाला ताजे टाके असताना ती जोडी मोडली असती तर? म्हणून जो वास तिला लागणार तोच त्यालाही लागू दे, असा सरळ हिशोब केला. शिवाय अनोळखी जागी शेजारी ओळखीचं अंग असलं की घाबरलेला ससा जरा सावरतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून थोडक्यात चुकणार होती. दवाखान्यातून फोन आला, "रात्री दहानंतर काही देऊ नका." कुत्र्यामांजरांना हे ठीक आहे. सशाला उलटीच होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर त्याची आतडी मंदावतात, त्यातूनच जीव जाऊ शकतो. मी डॉक्टरांशी स्वतः बोलले. ते म्हणाले, निघेपर्यंत गवत खाऊ द्या, भूल देताना तोंडात घास नको एवढंच. तुम्हाला कुणी उपाशी ठेवायला सांगितलं तर एवढं नक्की विचारा, आणि सशांची ऑपरेशनं नेहमी करणारे डॉक्टरच शोधा.

मिरी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच तिला ओव्याजवळ ठेवलं. घरी आल्यावर ती कोपऱ्यात पाठ वर काढून बसली, दात करकर वाजवत होती. हे दुखण्याचं लक्षण. डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं वेदनाशामक दिलं, पाण्यात कालवलेलं अन्न सिरिंजने थोडं थोडं भरवलं. तरी स्वतःहून काही खाईना. ओवा तिच्या शेजारी बसून कोथिंबीर खात होता. ती बघत होती. रात्री साडेनऊला तिने त्याच्या तोंडातली काडी ओढून घेतली, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

पहाटे लेंड्या मोजल्या. अकरा. बारीक होत्या, पण होत्या. बारा तास खाणं किंवा लेंड्या दोन्हींपैकी एक जरी बंद राहिलं असतं, तर उजाडायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा असं ठरलेलं होतं.

भुसा काढून खाली जुन्या सुती चादरी घातल्या, म्हणजे टाक्यांना काही चिकटायला नको. सोफ्यावर उडी मारता येऊ नये म्हणून पुढे पाट उभे केले. गळ्यात कॉलर घातली नाही, कारण ससे स्वतःची मऊ विष्ठा खातात, आणि कॉलर असली की ती तोंडाने घेता येत नाही. टाके मात्र सकाळ-संध्याकाळ बघत होते.

ओवा तिचे कान चाटायचा, टाक्यांकडे गेला नाही. तुमचा ससा अंगावर चढत असेल, पाठलाग करत असेल, तर मध्ये जाळी लावा. दिसू दे, वास येऊ दे, पण अंगाला लागू देऊ नका. आणि नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तर एक लक्षात ठेवा, त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. त्या काळात ऑपरेशन न झालेली मादी त्याच्यासोबत ठेवू नका.

दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेलो, तेव्हाही टोपलीत दोघं होती.